वडिलांचा फ्लॅट आणि मुलाची पहिली दलाली

तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत. वडील जिल्हा परिषदेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, हातात ४५ लाख आले. त्यातले ४० लाख घालून सांगलीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके घ्यायचा आणि भाड्यानं लावायचा का, हा पहिला. तुम्ही स्वतः जागेच्या एजंटचं काम सुरू करताय, त्यात काय सांभाळावं, हा दुसरा. आणि त्या फ्लॅटवर बिल्डर तुम्हाला दोन टक्के देणार आहे, हे तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय. म्हणजे तुमचं पहिलं गिऱ्हाईक तुमचे वडीलच. त्यावर शेवटी बोलतो, पण ते डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी आकडे कागदावर मांडू. फ्लॅट ४० लाखांचा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर एक टक्का, नाहीतर पाच. एकच धरू, ४० हजार. मग लाईट मीटर, सोसायटीची ठेव, वकील, पंखे, गीझर, किचनच्या ट्रॉल्या, खिडक्यांना जाळ्या. लाख-सव्वा लाख कुठं गेले कळत नाही. वडिलांचे ४५ लाख इथंच संपत आले.

आता भाडं. महिना १२ हजार मिळाले असं धरा, वर्षाचे १ लाख ४४ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना १,२०० प्रमाणे १४,४००. घरपट्टी ७ हजार धरा. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला यात वर्षाला सरासरी एक महिना रिकामा जातो, ते १२ हजार. नळ, मोटर, रंग, गळती यांचे १० हजार. हातात उरले लाखभर रुपये. ४५ लाखांवर लाख, म्हणजे सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत. शिवाय ताबा दोन वर्षांनी मिळणार असेल तर ती दोन वर्षं शून्य.

पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला आणि मर्यादा ३० लाखांवर गेली. त्या दरानं ३० लाखांचे वर्षाला २ लाख ४६ हजार होतात, दर तिमाहीला खात्यावर जमा, घर न रंगवता. वडील साठीचे नाहीत म्हणून ही योजना त्यांना लागू नाही असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. निवृत्त होणाऱ्याला ५५ नंतरही ती घेता येते. फक्त निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरावी लागते. म्हणून फ्लॅटचं ठरेपर्यंत पैसे बचत खात्यात झोपवू नका, ती मुदत निघून जाईल.

करात मात्र घराची बाजू थोडी बरी आहे, तेही सांगायला हवं. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के सूट मिळते. व्याजावर सगळा कर लागतो. तरीही अंतर भरून निघत नाही.

'पण जागेचा भाव वाढतोय की' हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतोय, आणि खोटं कशाला बोलू, गिऱ्हाइकापुढं बोललोही आहे. भाव वाढतो, पण तो पैसा घर विकल्यावरच हातात येतो. वडिलांना औषधाला, लग्नकार्याला, गावाकडच्या घराच्या पत्र्यांना पैसे दर महिन्याला लागणार. भिंतीची एक वीट काढून दुकानदाराला देता येत नाही. आणि कर्ज काढून भाड्यासाठी घर घ्यायचा विचार असेल तर हा एकच आकडा बघा: ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता २६ हजार. भाडं १२.

तरीही एक घर असावं, नातवंडांना सांगायला का होईना, असं वडिलांना वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. मग ते लहान घ्या आणि तयार घ्या. वीस-बावीस लाखांच्या आसपासचा जुना वन बीएचके, दुसरा किंवा तिसरा मजला, कागद स्वच्छ. साडेसात हजार भाडं आलं तरी टक्केवारी टू बीएचकेपेक्षा बरी बसते, आणि उरलेले पैसे वरच्या योजनेत जातात. भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण होऊन राहायला हरकत नाही असा दाखला) मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. घर फक्त आईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बावीस लाखांवर बावीस हजार वाचले. भाड्याचा कर मात्र आईच्या नावावर गेला असं समजू नका. पैसे वडिलांचे असतील तर ते उत्पन्न वडिलांच्याच उत्पन्नात धरलं जातं.

कुठं घ्यायचं, हे घर बघून ठरवू नका. आधी भाडेकरू ठरवा. आमच्याकडे नवखा गुंतवणूकदार स्वतःला आवडेल असं घर शोधतो: हॉल मोठा, गॅलरीतून मोकळं दिसतं, देवघराला जागा आहे. त्याला तिथं राहायचंच नसतं.

सांगली-मिरजेत भाड्याची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. मिरज म्हणजे दवाखाने. वानलेस हॉस्पिटल १८९४ पासून आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांच्याभोवती निवासी डॉक्टर, नर्स, लॅबवाले. त्यांना हॉल नको असतो. पाणी चोवीस तास हवं आणि रात्रीपाळीहून पायी येता आलं पाहिजे. विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन ही कॉलेजं, वानलेसवाडीकडं भारतीचं मेडिकल कॉलेज, म्हणजे पोरं. पोरं भाडं जास्त देतात, घर लवकर झिजवतात. विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालय आणि कोर्ट, तिथं बदलीवर येणारे नोकरदार; तीन वर्षांनी जातात, पण भाडं तारखेला देतात. कुपवाडला एमआयडीसीतले कामगार, भाडं कमी पण खोली एक दिवस रिकामी राहत नाही. आणि एक वर्ग बाहेरच्या माणसाला दिसतच नाही: जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून मुलाच्या अकरावी-बारावीसाठी येऊन राहणाऱ्या आया. बाप रानात, आई आणि पोर सांगलीत. दोन वर्षं कसलीही कटकट नसते, घर आरशासारखं ठेवतात. माझ्या मते सांगलीतला सगळ्यात चांगला भाडेकरू हाच.

यातल्या बऱ्याच जणांचं वर्ष जूनला सुरू होतं. घर मे-जूनमध्ये लागलं तर लागलं. ऑगस्टला रिकामं झालेलं घर मी दिवाळीपर्यंत बंद पडलेलं पाहिलंय. म्हणून करार कधीही सुरू झाला तरी तो मेअखेर संपेल अशा बेतानं मुदत घाला.

आता पाण्याचं. सांगलीत जागेबद्दल बोलताना हे टाळणारा एजंट दिसला की उठून चालू लागा.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५, नंतर २०२१. कोयनेतून किती सोडलं हे जुलै-ऑगस्टात इथला शाळकरी पोरगाही सांगतो, पण घर बघायला माणसं येतात ती जानेवारीत. २०१८ साली नदीकडच्या एका गल्लीतला तळमजला मी एका बँकेतल्या बाईंना लावून दिला. दोन लहान मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून तळमजलाच हवा होता. २००५ ला तिथं पाणी आलं होतं हे मला माहीत होतं. मालकानं भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेवर नवा रंग मारला होता. बाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एक महिन्याची दलाली घेतली आणि विसरलो. पुढच्या वर्षी सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी बाहेर काढलं. पाणी पंख्याला टेकलं. ओसरल्यावर मी गेलो तेव्हा बाई चिखलातून शाळेची पुस्तकं काढून वाळत घालत होत्या. म्हणाल्या, 'तुम्हाला ठाऊक होतं ना हो?' दलाली परत नेऊन दिली, त्यांनी घेतली नाही.

तेव्हापासून माझ्याकडं एक वही आहे. प्रत्येक इमारतीचं एक पान: २००५ ला पाणी कुठवर, २०१९ ला कुठवर, २०२१ ला कुठवर, पार्किंगमध्ये किती, रस्ता कधी बंद झाला, लाईट किती दिवस गेली. मालकाला विचारून हे लिहू नका. समोरच्या किराणावाल्याला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा. मीटरचा बोर्ड माणसाच्या उंचीच्या वर चढवलेला दिसला की काय ते समजा. शामरावनगरसारख्या सखल भागात तर नदीची गरज नाही, चांगला पाऊस पुरतो. पूररेषा दोन असतात: निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. वडिलांचा फ्लॅट कुठं पडतो हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या, बिल्डरच्या ऑफिसात नको.

पाणी येणाऱ्या भागात घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. निम्मं गाव तिथंच राहतं, आणि वरच्या मजल्यांना तिथंही चांगलं भाडं येतं. पण ते भावात धरा, आणि भाडेकरूला आधी तोंडानं सांगा.

कागदांवर थोडक्यात. सिटी सर्व्हेतली मिळकत असेल तर मिळकत पत्रिका, नसेल तर सातबारा, त्यावरचे फेरफार आणि इतर हक्कातले बोजे. बिनशेतीचा आदेश. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. सूची दोनचा (नोंदलेल्या व्यवहारांच्या यादीचा) शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घेता येतो, पण तीस वर्षांचा सर्च वकिलाकडूनच करून घ्या. सांगलीत गुंठेवारीचं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीचं, प्रकरण जागोजाग आहे. 'सगळ्यांचीच तशी आहेत' हे उत्तर चालवून घेऊ नका. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्याचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर बँक कर्ज देत नाही, आणि उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही देणार नाही. म्हणजे स्वस्तात घेतलेलं घर स्वस्तातच विकावं लागतं.

भाड्याच्या कराराबाबत मात्र सविस्तर लिहितो, कारण निम्मी भांडणं इथं सुरू होतात. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर टाईप करून नोटरी केली की झालं, असं इथं अजून पुष्कळांना वाटतं. दुसरा समज, अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही. दोन्ही चूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदलेला हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

खर्च किती? भाडं ९ हजार, अनामत ४० हजार, मुदत ११ महिने. एकूण भाडं ९९ हजार, त्यात अनामतीवर वार्षिक १० टक्के दरानं व्याज धरतात. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. अडीचशे-तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. घरी येऊन अंगठे घेणारी माणसं आपले पैसे वेगळे लावतात. एवढ्यासाठी लोक लाखांचं घर टांगणीला लावतात. बदल्यात काय मिळतं? राहण्यासाठी दिलेल्या जागेची लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीपुरतं राहायला देण्याच्या कराराची) मुदत संपूनही माणूस हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टाच्या तारखांमध्ये अडकावं लागत नाही, आणि जास्तीच्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. याच पाव टक्क्यात पाच वर्षांपर्यंतचा करार करता येतो. चांगला भाडेकरू असेल तर दर अकरा महिन्यांनी धावपळ करण्यापेक्षा तीन वर्षांचा करा आणि दरवर्षी पाच टक्के वाढ त्यातच लिहून टाका.

दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो. तो केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला मुद्दा आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडं १९९९ चाच कायदा चालतो.

चावी देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, लाईट मीटरचं रीडिंग दोघांच्या फोनमध्ये ठेवा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवा. लाईट बिल मालकाच्या नावावर असतं, म्हणून दर महिन्याला भरल्याचा फोटो मागा. सोसायटी भाडेकरू ठेवल्याचे जादा पैसे मागेल. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, ५०० आणि हजार मागणाऱ्या सोसायट्यांना हे शांतपणे दाखवा.

आता तुमच्या धंद्याचं.

नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकून द्यायचा असेल तर एजंटची महारेराकडं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडं, नोंदणी हवी. त्याआधी वीस तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. २०२३ पासून प्रमाणपत्राशिवाय नोंदणी होत नाही. एकट्या माणसाला फी १० हजार, नोंदणी पाच वर्षांची. नोंदणी नसताना विक्री केली तर दिवसाला १० हजार दंड, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. नुसतं घर भाड्यानं लावून द्यायला ही नोंदणी लागत नाही. म्हणून परीक्षा देईपर्यंत भाड्याचंच काम करा. पहिले सहा महिने पेट्रोल सुटलं तरी समाधान माना.

भाड्याच्या कामाला मोठे एजंट नाक मुरडतात. नवख्यानं ते मन लावून करावं. शंभर घरं आतून बघितलीत की कुठल्या बिल्डरची बाथरूम गळते, कुठल्या गल्लीत मेपासून टँकर लागतो, कुठल्या इमारतीत लिफ्ट नेहमी बंद, हे पाठ होतं. आजचा भाडेकरू चार वर्षांनी घर घेतो, तेव्हा त्याला तुम्ही आठवता. न आवडलेल्या घराचं कारणही लिहून ठेवा. लोक कुठल्या कारणासाठी नाही म्हणतात त्यावरून बाजार कळतो.

आणखी एक काम इथं पडून आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातले लोक देशभर पसरलेत. कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी उत्तरेत. त्यातल्या अनेकांचे सांगलीत फ्लॅट आहेत, कुलूप लावलेले, कारण भाडेकरूकडं बघायला कुणी नाही. अशी दहा-पंधरा घरं सांभाळायला घेतली, दर तिमाहीला आत जाऊन फोटो पाठवले, प्लंबर-वायरमन वेळेवर नेला, तर महिन्याला ठरलेली मिळकत सुरू होते. पण भाडं थेट मालकाच्या खात्यावर जाऊ द्या. दुसऱ्याचं भाडं, अनामत किंवा विसार आपल्या खात्यावर घेतला की एक ना एक दिवस हिशेब चुकतो, आणि मग तुम्ही प्रामाणिक होतात की नाही याला किंमत उरत नाही. विसार रोख द्यायची इथं जुनी खोड आहे. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे मालकाला आधी सांगा. बरेच जण तिथंच चेकवर येतात.

दलाली किती आणि कोण देणार, हे घर दाखवायला निघण्याआधी मेसेजवर लिहून घ्या. सौदा झाल्यावर इथली माणसं 'अहो पावणं, आपलं काय एवढं' म्हणून चहा पाजतात आणि निम्मे पैसे हातावर ठेवतात. आणि 'अमक्या जातीचा नको, तमक्या धर्माचा नको' असं सांगणारे मालक भेटतील, रोज भेटतील. मी अशा घरांची यादी ठेवत नाही. धंदा थोडा बुडतो, बुडू दे.

राहिले तुमचे दोन टक्के. ४० लाखांवर ८० हजार होतात, पहिल्या कमाईला वजनदार आकडा आहे, मोह पडणारच. पण तुमची नोंदणी झालेली नाही, म्हणजे ते पैसे तुम्हाला घेताच येत नाहीत. दुसरं, ते ८० हजार बिल्डरच्या खिशातून येत नाहीत, वडिलांच्याच पैशातून येतात. माझं ऐकून तुम्ही दुसरं घर बघाल तर विषयच मिटला. तरी वडिलांचं मन त्याच फ्लॅटवर असेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताब्याची तारीख एकदा पुढं ढकलली आहे का, किती फ्लॅट विकले गेलेत, कुठला दावा चालू आहे का, हे बघा. मग बिल्डरला सांगा की दलाली नको, किंमत ८० हजारांनी कमी करून साठेखतात (खरेदी ठरल्याच्या करारात) ३९ लाख २० हजार लिहा. ती रक्कम रेडीरेकनरच्या (सरकारनं ठरवलेल्या किमतीच्या) वर राहत असेल तर मुद्रांकाचे आणखी ४,८०० रुपये वाचतील.